इथे कोणी राहत नाही

ही गोष्ट खरी आहे. इतकी खरी, की तिला जावक क्रमांक आहे.

भुतं मध्यरात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल झोपावं. हे घडलं मंगळवारी, भर दुपारी सव्वातीन वाजता. तीन मजली इमारत. खालच्या मजल्यावर जिना आणि जिन्याखाली एक खोली.

खोलीला खिडकी नाही. दार एकच. कडी बाहेरून.

इमारतीचे मालक म्हणजे माझे चुलत सासरे. त्यांना सगळे इंचकाका म्हणतात. शेजाऱ्याच्या झाडाची सावली आपल्या भिंतीवर पडली, तर हा माणूस टेप घेऊन सावलीचं माप काढणार. इमारतीमागे कायद्याने मोकळी सोडायची गल्ली होती, ती त्यांनी केव्हाच शेड टाकून गिळली होती. ढेकरसुद्धा दिला नव्हता.

जिन्याखालच्या त्या खोलीत इंचकाकांची मावशी राहायची. म्हातारी साधी, जरा कानाने अधू. सांगितलं ते अक्षरशः ऐकणारी.

पण कागदावर ती अडगळीची खोली होती. माणूस ठेवायचा तर खिडकी हवी, आणि खिडकी काढायची तर गिळलेली गल्ली ओकावी लागणार. म्हणून नगरपालिकेच्या पाहणीची तारीख आली की इंचकाका बाहेरून कडी घालायचे, दारापुढे लाकडी कपाट सरकवायचे आणि फटीतून बजावायचे, "मावशे, गप्प बसायचं. अगदीच कोणी विचारलं तर सांग, इथे कोणी राहत नाही."

सगळ्या इमारतीला हे ठाऊक होतं. पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंची बाल्कनी बंद करून शिलाईची खोली झाली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांचा पोटमाळा बेकायदा होता. एकाचं उघडं पडलं असतं तर सगळ्यांचंच पडलं असतं. तेव्हा सगळे हसायचे आणि गप्प बसायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पाहणी होती. इंचकाकांनी कडी घातली. कपाट सरकवलं.

पाहणीवाले आलेच नाहीत.

संध्याकाळी परगावाहून फोन आला आणि इंचकाका घाईत निघून गेले. तीन दिवसांनी परतले.

कडी काढायची राहून गेली होती.

त्या तीन दिवसांत शिंपीणबाईंनी एकदा कपाटावर टकटक केली होती. "मावशी, आहात ना?"

आतून उत्तर आलं... "इथे कोणी राहत नाही."

शिंपीणबाई हसल्या आणि वर जाऊन मशीनवर बसल्या.

डॉक्टरांनी कारण लिहिलं, वय. लोक म्हणाले, मावशी गेली. पण मी तुम्हाला सांगतो, काही माणसं जातात आणि काही राहून जातात.

यंदा नोटीस आली.

'जिन्याखालील खोलीत एका व्यक्तीचे वास्तव्य आढळले. खिडकी नाही. कडी बाहेरून. तीस दिवसांत पूर्तता करावी.'

इंचकाका नोटीस घेऊन तडक ऑफिसात गेले. तिथे चौथ्या खिडकीवर कारकून बसला होता.

"सात खिडक्या आहेत तुमच्याकडे," इंचकाका म्हणाले, "आणि माझ्या एका अडगळीवर डोळा?"

"काका, आमच्या सातांतल्या पाच बंद असतात." कारकुनाने नोटीस उलटसुलट केली. "हे बघा, रस्ते दोन. भिंत फोडून खिडकी बसवा आणि कडी आतून उघडेल अशी करा. नाहीतर शपथपत्र द्या, की इथे कोणी राहत नाही. मग नोंद अडगळ म्हणून होईल. पण खाट नको, अंथरूण नको, पाण्याचा पेला नको. बाई येऊन बघतील."

"आणि यातलं काहीच केलं नाही तर?"

"अपील करायचं, तेही तीस दिवसांतच. नाहीतर इमारतीला सील. तुमच्यासकट सगळे फुटपाथवर. तिथे मात्र हवा भरपूर."

पाहणी करणाऱ्या इंजिनियर बाई शेजारच्याच टेबलावर होत्या. इंचकाका त्यांच्यापुढे उभे राहिले. "बाई, तुम्ही आत न जाताच माणूस मोजलात?"

बाईंनी मान वर केली नाही. "तुम्ही घरी नव्हता. दारापुढे कपाट होतं. मी फळीवर टकटक केली, आत कोणी आहे का विचारलं. आतून एक आजी म्हणाल्या, इथे कोणी राहत नाही."

इंचकाकांनी नोटीस घडी करून खिशात घातली.

"आता तुम्हीच सांगा," बाई म्हणाल्या, "राहत नाही, तर बोललं कोण?"

दुसरा कोणी असता तर त्या दिवशीच गवंडी बोलावता. पण गल्ली सोडतील तर ते इंचकाका कसले. त्यांनी शपथपत्र दिलं. खाली सही केली आणि सहीखाली रेघसुद्धा ओढली. फेरपाहणी ठरली मंगळवार, सव्वातीन.

सोमवारी दुपारी ते खोली रिकामी करायला गेले. फोन वर चार्जिंगला ठेवला होता. कपाटाला खांदा लावला. एरवी घाम काढणारं कपाट...

एका बोटाने सरकलं.

आत मावशीची खाट तशीच होती. उशाला स्टीलचा पेला.

पेला काठोकाठ भरलेला होता. पाणी ताजं. पेल्याला बाहेरून घाम आलेला.

इंचकाका तो उचलायला वाकले, तेवढ्यात मागे दार लागलं. सावकाश, झोपलेल्याची झोप मोडू नये म्हणून लावतात तसं.

मग कडी पडली.

मग बाहेर फरशीवरून काहीतरी जड सरकल्याचा आवाज आला... कर्र... कर्र... आणि दाराखालची उजेडाची रेघ पुसली गेली.

त्यांनी दार बडवलं. हाका मारायला तोंड उघडलं. ओठांवर आलं होतं 'उघडा'.

बाहेर पडलं, "इथे कोणी राहत नाही."

पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा तेच. शिव्या द्यायला गेले, तरी तेच. माणसाला आयुष्यभर पुरतील एवढे शब्द इंचकाकांकडे होते. त्यांतलं आता हे एकच वाक्य उरलं होतं.

वर शिंपीणबाईंचं मशीन चालू होतं. खर्रर्र... खर्रर्र... मध्येच थांबायचं. कोणी कान देऊन ऐकताना थांबावं, तसं.

पुन्हा सुरू व्हायचं.

अंधारात वेळ कळत नाही. तहान लागली की ते पेला चाचपायचे आणि पाणी प्यायचे. खाली ठेवलेला रिकामा पेला पुन्हा उचलला...

की भरलेला.

मग खाट कुरकुरली. ते हलले नव्हते. खाटेची दुसरी कड खाली गेली आणि पाठीला एक हाडकुळी पाठ लागली. थंड.

कानाशी आवाज आला. "सरक जरा."

इंचकाका सरकले.

"अजून एक इंच."

मंगळवारी बाहेर पावलं वाजली. पाहणीच्या बाई. शिंपीणबाई. मास्तर. आतून प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"मालक कुठे आहेत?"

"परगावी गेले असतील. जातात ते असे," शिंपीणबाई म्हणाल्या.

"पाहणी ठेवून?" बाईंनी फळीवर टकटक केली. "आत कोणी आहे का?"

इंचकाकांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. गप्प राहिलो तर कपाट हलवून बघतील, एवढीच आशा होती. हातांच्या फटीतून आवाज निसटला, "इथे कोणी राहत नाही."

बाईंनी फळीला कान लावला.

"आवाज आला," बाई म्हणाल्या.

"मीच बोलले. जिन्यात घुमतं फार."

"पुरुषाचा होता."

"घसा बसलाय हो माझा."

"कपाट हलवा."

मास्तरांनी जोर लावला. बाईंनी लावला. शिंपीणबाईंनी लावल्यासारखं केलं. कपाट हललं नाही.

"बाई, मालकाचं शपथपत्र तुमच्या हातात आहे," मास्तर म्हणाले. "आम्ही दोघं साक्षीदार म्हणून सह्या करतो. सील लागलं तर ह्या वयात आम्ही जायचं कुठे?"

बाईंना अजून सहा इमारती बघायच्या होत्या. पेन कागदावर थोडा वेळ थांबलं. मग चाललं.

'पूर्तता झाली.'

पावलं दूर गेली. दोन पावलं तेवढी परत आली. कपाटाच्या फटीशी कोणीतरी वाकलं.

"मालक," शिंपीणबाई हळूच म्हणाल्या, "अगदी मावशींसारखं बोललात हो."

आणि वर जाऊन त्या मशीनवर बसल्या.

गुरुवारी मी गेलो. काकांनी तीन दिवस फोन उचलला नव्हता म्हणून बायकोने पाठवलं. जिन्यापाशी हाक मारली. कपाटामागून काकांचा आवाज आला, तेच वाक्य. मी कपाटाला हात लावला, ते अलगद सरकलं. कडी काढली.

काका खाटेच्या अगदी कडेवर बसले होते. अर्धं अंग हवेत. सबंध खाट मोकळी असताना.

"काका, नीट बसा की, पडाल."

त्यांनी शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघितलं. "तिला जागा पुरत नाही."

शिंपीणबाईंना मी विचारलं. त्या दातात धागा धरून म्हणाल्या, "मला वाटलं मावशीच. त्यांनाही मी एकदा विचारलं होतं. हेच म्हणाल्या होत्या."

हे सगळं काकांनी मला पुढे तुकड्यातुकड्यांनी सांगितलं; कपाटाबाहेरचं मास्तरांकडून कळलं. आता ते आमच्याकडे असतात. पूर्वेची खोली दिली आहे, मोठी खिडकी आहे, खोलीचं दारच काढून टाकलंय. शेड पाडली, गल्ली मोकळी केली, जिन्याखालच्या खोलीला खिडकी काढली आणि दार बदलून आतली कडी बसवली. गवंड्याचं काम मी उभं राहून बघितलं. कायद्याने जे जे सांगितलं ते केलं.

गेल्या महिन्यात पुन्हा नोटीस आली. यावेळी माझ्या नावाने, कारण इमारतीचे कागद आता माझ्याकडे आहेत.

'जिन्याखालील खोलीत दोन व्यक्तींचे वास्तव्य आढळले. खिडकी नाही.'

मी तसाच गेलो. लख्ख ऊन होतं. गल्लीतून बघितलं, खिडकीच्या जागी भिंत होती. ताजा गिलावा नव्हे. जुना, डाग पडलेला, पोपडे सुटलेला.

पुढे आलो. दारापुढे कपाट उभं होतं. मी फळीवर टकटक केली.

आतून दोन आवाज आले... एकदम, एका सुरात. एक म्हातारीचा.

दुसरा ज्याला तासापूर्वी मी खिडकीशी चहा देऊन निघालो होतो, त्याचा.

मी कपाट हलवून बघितलं नाही. तुम्ही मला भित्रा म्हणा.

नोटिशीसोबत एक फॉर्म आहे. मालकाचा पत्ता आणि मालकाच्या घरात राहणाऱ्या माणसांची संख्या. परवा जेवणं झाल्यावर भरायला घेतला. बायको म्हणाली, "आपण दोघं आणि काका. तीन लिहा."

मी पेन टेकवलं. काका खिडकीशी बसले होते. एवढी रुंद खिडकी, पण अगदी एका कडेला, अंग चोरून. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही.

"मला धरू नका," ते म्हणाले. "मी इथे राहत नाही."

फॉर्म अजून कोराच आहे. तीस दिवसांतले चार उरलेत.