धाकट्यानं काढलेली रात्र

चंपतकाका ही गोष्ट आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यांना सांगतात. जेवणं झाली की त्यांच्या ओट्यावर पाच-सात जण जमतात. काका कंदील बारीक करतात आणि म्हणतात, "माह्या ओळखीचा एक मानूस होता गा. त्याच्या धाकट्या भावानं घर पाहाले एक रात्र काढली होती..." पुढे ते सांगतात की धाकटा रात्रभर निजला, त्याला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही, आणि नंतर जे झालं त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. हे काका माझ्यासाठी सांगतात. चार घरं सोडून मी माझ्या पायरीवर अंधारात बसलेला असतो, हे त्यांना माहीत असतं.

तो धाकटा मी. माझं नाव देवा. आणि मी निजलो नव्हतो. म्हणून जसं झालं तसं लिहितो.

आम्ही मूळचे कुहीकडचे. भाऊ, म्हणजे माझा मोठा भाऊ रुपराव, लकडगंजात एका आरा मशीनवर लाकूड चिरायचा. मी तिथेच ओंडके उतरवायचो. राहायला इतवारीत एक खोली होती. खोलीत भाऊ, गोपिकावहिनी आणि त्यांच्या दोन पोरी. मी बाहेर जिन्याखाली. नऊ वर्षं मी त्या जिन्याखाली झोपलो. वरून कोणी उतरलं की माती तोंडावर पडायची.

१९७८ च्या दिवाळीत भाऊला सक्करदऱ्याचं घर कळलं. महाल वस्तीतल्या गणपतरावांचं. पुढे-मागे दोन खोल्या, वर कवेलू, म्हणजे कौलं, मागे अंगण, अंगणात विहीर, आणि अंगणाला तिन्ही बाजूंनी पुरुषभर उंचीची भिंत. आजूबाजूच्या घरांपेक्षा बरंच स्वस्त. भाऊला तेच खटकलं.

"स्वस्त काहून देऊन राहिला हा?" तो म्हणायचा.

भाऊ घर पाहायचा नाही, वस्ती पाहायचा. सुटीच्या दिवशी पहाटे जाऊन नळावर उभा राहिला. रांगेत बाया भांडतात की हसतात ते पाहिलं. जवळच्या तलावाचं पाणी पावसाळ्यात कुठवर चढतं ते भिंतींवरच्या डागांवरून पाहिलं. शाळेपर्यंत पोरींच्या पावलांनी किती वेळ लागेल म्हणून मुद्दाम हळू चालून पाहिलं. "संध्याकाळी बाया दारात बसून बोलतात का ते पाह्य," मला म्हणाला. "बोलत असल्या तर वस्ती चांगली." बाया बोलत होत्या. सगळं चांगलं होतं.

राहिली रात्र.

आमच्या घरची एक रीत आहे. घर घ्यायचं असलं की घेणाऱ्यानं आधी तिथे झोपायचं नाही. त्याच्या धाकट्यानं झोपायचं, एकट्यानं, खाली जमिनीवर. सकाळी घेणारा एकच विचारतो, झोप लागली का. लागली म्हटलं की घर घ्यायचं. नाही म्हटलं की त्या घराचं नाव काढायचं नाही, मग कोणी फुकट देवो. धाकट्याच्या शब्दावर दुसरा सवाल करत नाहीत. आमच्या बापासाठी आमच्या काकानं अशी रात्र काढली होती.

चावी देताना भाऊ म्हणाला, "देवा, दारू पिऊन नको झोपू, भैताडा. ते झोप मोजत नाहीत."

"अन् भूत आलं तर?"

"त्याले भाडं माग."

वहिनी चुलीपाशी हसली. मी हसलो. मला घर हवंच होतं. पुढची खोली माझी, असं भाऊनं कबूल केलं होतं. आरा मशीनवरच्या दोघातिघांना मी ते सांगूनही टाकलं होतं.

गुरुवार होता, ९ नोव्हेंबर. कार्तिकातली नवमी. आठ वाजता मी पोचलो. शेजारच्या बायजाबाईंनी, विचारपूस करून, पोळी आणि वांग्याची भाजी आणून दिली. साठीच्या असतील. मी जेवत होतो तोवर दारात उभ्या राहिल्या.

"वस्ती कशी आहे वं माय?" मी विचारलं.

"वस्ती चांगली आहे बाबू. मानसं जिवाची आहेत."

"अन् हे घर?"

त्यांनी ताट उचललं. "पानी आनून ठेवू का प्याले?" म्हणाल्या. आणि गेल्या.

मी दोन्ही दारं लावली. मागच्या दाराची कडी घातली. सतरंजी टाकून मागच्याच खोलीत पडलो, कारण तिथे वारा कमी होता. कवेलूच्या फटीतून चांदणं पडत होतं. कुत्रं भुंकलं, थांबलं. मला डोळा लागत होता.

चांदणं गेलं तेव्हा एक वाजून गेला असावा. अंधार झाला.

विहिरीची गडगडी वाजली.

कोणीतरी पाणी काढत होतं. हळू. दोर सोडला, दोर ओढला. मला वाटलं शेजारचं कोणी असेल. बादली ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं. ओली पावलं फरशीवर वाजतात तशी. दारापाशी येऊन थांबली.

"पानी येते का गा इथं?"

पुरुषाचा आवाज. साधा. थकलेला. मी अर्धवट झोपेत होतो. म्हटलं, "येते."

"शेजार कसा आहे?"

"चांगला आहे."

"मंग... घेऊ?"

तेव्हा मी जागा झालो. अंगणाला भिंत होती. तिन्ही बाजूंनी. अंगणात यायला एकच दार, हे मागचं, आणि त्याची कडी माझ्या हातानं घातलेली.

"घेऊ गा?"

मी सतरंजीवर उठून बसलो. दाराच्या खालच्या फटीतून पाणी आत येत होतं. बोटभर रुंद. सतरंजीपर्यंत आलं...

मी पळालो. कंदील तिथेच, चपला तिथेच. पुढचं दार सताड उघडं टाकून पळालो. चौकातल्या चहाच्या टपरीच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलो. पाच वाजता टपरीवाला आला. उजाडल्यावर परत त्या घरात गेलो. फरशी कोरडी होती. सतरंजी कोरडी होती. मी कुलूप लावलं.

वाटभर मी स्वतःला समजावत होतो. शेजारचा कोणी असेल. भिंतीवरून आला असेल. मला स्वप्न पडलं असेल. इतवारीत पोचलो तेव्हा भाऊ दात घासत होता. तोंडातली राखुंडी थुंकून त्यानं विचारलं, "लागली का झोप?"

माझ्यामागे जिना होता. जिन्याखाली माझी वळकटी होती.

"लागली," मी म्हटलं. "मस्त लागली."

भाऊनं दुसरा सवाल केला नाही.

मार्गशीर्ष लागायच्या आत आम्ही राहायला गेलो. पुढच्या खोलीत मी पहिल्यांदा पाय लांब करून झोपलो. वहिनीची आणि बायजाबाईंची गट्टी जमली. पोरी शाळेत जाऊ लागल्या. भाऊ सगळ्यांना सांगायचा, "वस्ती पाहून घेतली मी."

दहा-बारा दिवसांनी भाऊ रात्री उठायला लागला. मागचं दार उघडल्याचा आवाज मला यायचा. वहिनीनं विचारलं तर म्हणायचा, हवा खातो. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं. आरा मशीनवर एकदा त्याचा हात पात्याजवळ गेला, मी ओढला.

"झोप नाही होऊन राहिली का भाऊ?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुले लागते ना इथं झोप?"

तेव्हा सांगता आलं असतं. लाकडाच्या भुशात आम्ही दोघेच उभे होतो, पातं बंद होतं. मी म्हटलं, "मले तर लागते."

शुक्रवारी, २२ डिसेंबरला, रात्री दोनच्या सुमाराला मी जागा झालो. मागचं दार उघडं होतं. थंडी आत येत होती. भाऊ अंगणात बोलत होता.

"येते... दोन टाइम येते."

मग दुसरा आवाज. शब्द कळले नाहीत. पण तो आवाज मला माहीत होता.

"चांगला आहे शेजार," भाऊ म्हणाला.

पुन्हा तो आवाज.

"घे ना गा," भाऊ म्हणाला. "भेव नाही. माह्या धाकट्यानं झोपून पाह्यलं आहे..."

मग पावलं. दोघांची. विहिरीकडे.

मी उठायला हवं होतं. एक हाक पुरली असती. मी गोधडी डोक्यावरून ओढली. कान दाबले. किती वेळ, ते माहीत नाही.

सकाळी वहिनी पाणी काढायला गेली, आणि तिची बादली पाण्याला टेकली नाही, भाऊला टेकली.

पाय घसरला, असं सगळे म्हणाले. बायजाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "चार वर्षं झाली. घर पाहाले आला होता एक मानूस. आत जाताना दिसला सगळ्याईले. परत जाताना कोनाले नाही दिसला."

"मले सांगितलं काहून नाही?"

"रिकामं घर शेजारी असलं का आमाले झोप येत नाही रे बाबू," त्या म्हणाल्या आणि रडल्या. "वाटलं, दिवा लागला तर जाईन तो."



वहिनीनं घर विकून कुहीला जायचं ठरवलं. पौषात व्यवहार नाही करत, पण पाहायला येतात. १८ जानेवारीला संध्याकाळी मार्तंड नावाचा माणूस आला. त्याचं सायकलीचं दुकान होतं. सगळं निरखून पाहिलं, गल्लीतला नळ सोडून पाहिला, कवेलू मोजले. मग ओट्यावर माझ्याजवळ बसला.

"मले भाऊ नाही," म्हणाला. "कोनाले विचारू? तूच सांग गा खरं. कशी आहे वस्ती?"

दाराआड वहिनी उभी होती. तिच्या हातात चहाची बशी होती. दोन पोरी, आणि हे घर सोडून तिच्याकडे काही नव्हतं. एक शब्द बोलायचा होता. मागेही एकच बोललो होतो.

"वस्ती चांगली आहे," मी म्हटलं. "घर नको घेऊ."

"काहून?"

मग मी सगळं सांगितलं. टपरीचा बाक, कोरडी सतरंजी, "मस्त लागली". गोधडी डोक्यावर ओढल्याचंही सांगितलं. मार्तंड चहा न घेता उठला. जाताना त्यानं घराला नाही, मला हात जोडले.

वहिनी दारातून पुढे आली नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमाले माहीत होतं?"

"हाव."

तिनं बशी खाली ठेवली. पोरींना घेऊन बायजाबाईंकडे गेली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी एकटाच घरात होतो. मी मागचं दार उघडलं. कडी काढून ठेवली. उंबऱ्यावर बसलो. तलावाकडून थंडी येत होती. बारा वाजले असतील. एक वाजला असेल.

गडगडी वाजली नाही.

मी विहिरीकडे तोंड करून बोललो. "भाऊ. लागली नव्हती झोप. मी पळून गेलतो."

कोणी बोललं नाही.

"मले ते खोली पाह्यजे होती, भाऊ."

कोणी नाही...

"नको घेऊ म्हनाले पाह्यजे होतं मी. त्यालेबी. तुलेबी."

पान हललं नाही. मी खूप वेळ वाट पाहिली. मला वाटत होतं, भाऊनं एकदा तरी भैताड म्हणावं. मग उंबऱ्यावरच डोकं टेकलं, आणि मला झोप लागली. उजाडेपर्यंत लागली.

सकाळी दव खूप पडलं होतं. अंगण ओलं, भिंत ओली, माझी बंडी ओली, विहिरीचा सिमेंटचा कठडा सगळा ओला, पाण्यानं चकाकत होता. फक्त दाराकडच्या बाजूला दोन जागा कोरड्या होत्या. एकाशेजारी एक. एकेक माणूस बसेल एवढ्या.

मी हात लावून पाहिला. एक जागा अजून कोमट होती.