कॉलरमधली सात नावं

खोटं वाटेल, पण हे माझ्या कानांनी ऐकलंय.

रात्र नव्हती. भर दुपार होती. गेल्या नोव्हेंबरातला शनिवार, अडीचचा शो.

मी देविका. इंग्लंडमधल्या एका ऑपेरा हाऊसच्या वॉर्डरोबमध्ये, म्हणजे कपडेपटात, शिवणकाम करते. त्याचं नाव सांगत नाही. अजून तिथेच नोकरी आहे.

आमच्याकडे एक रीत आहे. कपडा जिचा, तिच्या नावाची पट्टी कॉलरच्या आत शिवायची. पुढची गायिका आली की जुनी पट्टी काढायची नाही. तिच्यावरच नवी.

आमच्या एका ऑपेरात एक राणी आणि तिची दासी आहे. त्या दासीच्या तपकिरी झग्यात अशा सहा पट्ट्या होत्या.

सहाही जणी काळ्या. आमच्याकडे त्यांतल्या एकीलाही कधी राणीचं काम मिळालं नाही.

सातवी अबेना. बेसिंगस्टोकची. काम दासीचं, पण राणीचं काम करणारी आजारी पडली तर राणी तिनेच व्हायचं, असं तिच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये होतं. त्या एका ओळीवर ती जगत होती.

"मानेला टोचतंय," फिटिंगला ती म्हणाली. "आत कोण कोण बसलंय?"

मी हसत सहाही पट्ट्या उसवल्या, डबीत ठेवल्या.

आमच्या हेड नंदाताई इस्त्री करत होत्या. "देविका, परत लाव गं त्या. तीस वर्षांत मी एकीचंही नाव काढलं नाही."

"लावते, ताई."

राहूनच गेलं.

शनिवारी सकाळी राणीचा आवाज बसला.

अबेना धावत आली. "राणीचा झगा माझ्या मापाचा करायला किती वेळ?"

"तासभर. हलू नकोस."

मी टाचण्या लावत होते. ती ओठांतल्या ओठांत गुणगुणत होती. तेवढ्यात वरच्या ऑफिसातून फोन आला.

राणी स्टेजवर नुसते ओठ हलवेल. अबेनाने काळे कपडे घालून पडद्याआडून गायचं. दासीचं काम आज गाळायचं.

"लोकांना राणी राणीसारखी दिसायला हवी म्हणे," नंदाताई हळूच म्हणाल्या.

"आवाज मात्र माझा चालतो."

अबेनाने एकेक टाचणी काढून माझ्या तळहातावर ठेवली. आणि गेली.

शो सुरू झाला. स्टेजवरचं सगळं आमच्या खोलीतल्या स्पीकरवर ऐकू येतं.

सव्वातीनला राणीचं गाणं लागलं...

जात्यावर बसलेली बाई पहाटे गाते ना, कुणी ऐकावं म्हणून नव्हे, तसा तो आवाज. दळणासारखा जड. मायेचा.

नंदाताईंची इस्त्री थांबली. "तालमीत अशी नव्हती गं गायली ती."

माझा फोन थरथरला. अबेनाचा मेसेज.

'ट्रेनमध्ये आहे. घरी चाललेय. मी गाणार नाही, सांग त्यांना.'

मी फोन लावला. पलीकडे रुळांचा खडखडाट.

स्पीकरवर गाणं चालूच...

"देविका," अबेना म्हणाली, "तुझ्या मागे कोण गातंय?"

मी फोन स्पीकरजवळ धरला.

गाणं संपलं. टाळ्या थांबेनात. राणीने वाकून त्या घेतल्या.

नंतर मी स्टेज मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, "होती की अबेना. पडद्याआड नोटेशनच्या स्टँडपाशी, काळ्या कपड्यात. पाठमोरी."

मी खाली आमच्या खोलीत आले. डबी उघडली.

रिकामी.

दासीचा झगा हँगरवरच होता. मी कॉलर उलटली. सहाही पट्ट्या जागेवर... बारीक, जुन्या हातशिलाईच्या टाक्यांनी.

आणि वर सातवी. अबेनाची.

ती मी अजून शिवलीच नव्हती.

अबेना परत आली नाही. आता शाळेत मुलांना पियानो शिकवते. गात नाही.

सोमवारी नवीन मुलगी येतेय. लीड्सची. आवाज फार मोठा आहे म्हणतात. काम दासीचंच.

तिच्या नावाची पट्टी माझ्यापुढे पडलीय. सुईत दोरा ओवून तास झाला.

आज शो नाही. स्पीकरचा प्लग मीच काढलाय.

तरी त्यातून कुणीतरी श्वास घेतंय... गाण्याआधी घेतात तसा.

एकटीचा नाही तो.