धाकटीच्या जागी थोरली

गळ्याची शपथ, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं असेल तर माझे उरलेले दोन दातही पडोत!

वहिनी खासगी तपास करायच्या, आणि त्यांचे दीर, म्हणजे भावजी, वही घेऊन मागे. एके दुपारी एक मुलगी जाड कागद छातीशी धरून आली. कागदावर वाळलेली फांदी.

"बाबा झुडपांची नोंद ठेवायचे. डोंगरावर छातीत कळ आली, तरी धाकटी नावाच्या झुडपाची ही फांदी घरी आणली, कागदावर लावली, नाव लिहिलं, आणि तिसऱ्या दिवशी गेले. धाकटी फक्त त्याच डोंगरावर उरलीय, म्हणून तिथे खाण नको, याला हा कागदच पुरावा. आता खाणवाले म्हणतात, ही तर कुंपणाला असते ती थोरली! म्हाताऱ्याची नजर गेली होती म्हणे. परवा सुनावणी आहे."

"मला सगळी झुडपं सारखीच," भावजी म्हणाले.

"तुम्हाला माणसंही सारखीच दिसतात," वहिनी म्हणाल्या. "फरक काय गं?"

"थोरलीच्या पानाला खालून लव. धाकटीचं तुळतुळीत. म्हणून बाबा एक पान हमखास उलटं लावायचे."

इथे सगळी पानं सुलटी. वहिनींनी खालून बोट फिरवलं, तर लव. फांदी बारीक टाक्यांनी शिवलेली, आणि आजूबाजूला डिंकाचे जुने डाग.

"हे कागद ठेवता त्या कपाटाच्या किल्ल्या?" वहिनींनी विचारलं.

"एक आईकडे, एक बाबांच्या मदतनिसाकडे. कुलूप शाबूत आहे."

खाणीचा मॅनेजर भडकला. "त्या घराची पायरीसुद्धा चढू दिली नाही मला!"

"खरंय," मुलगी म्हणाली. भावजींनी तरी वहीत ठळक लिहिलं : मॅनेजर.

मदतनिसाच्या उजव्या हाताला महिनाभर प्लास्टर. "बटणही शेजारीण लावून देते, बाई."

मुलीची आई मागच्या खोलीत बसून वारलेल्या नवऱ्याच्या सदऱ्याची कॉलर शिवत होती. "मला नाही हो त्या झाडपाल्यातलं कळत."

वहिनी तिच्याशेजारी जमिनीवरच बसल्या.

"भावजी, मॅनेजर खोडा. डिंकाचे डाग आहेत, म्हणजे आधी दुसरी फांदी होती. एकही पान उलटं नाही, म्हणजे बदलणाऱ्याला यातलं कळत नव्हतं. घरात शिरायला मॅनेजरला वाव नव्हता, मदतनिसाला सुई धरता येत नाही. आणि हे टाके या कॉलरवरच्या टाक्यांसारखेच आहेत. ताई, का हो असं केलंत?"

सुई थांबली.

"डॉक्टर म्हणाले, चढू नका. तरी रोज धाकटी बघायला जायचे. त्या डोंगराने माझा माणूस खाल्ला. फोडू दे त्याला सुरुंगाने!"

"आई, लोक बाबांना आंधळे म्हणतायत गं! खरी फांदी कुठाय? जाळलीस?"

"जाळू कशी? त्यांच्या हातची शेवटची."

तिने उशीखालून रुमाल काढला आणि फांदी आपणहून लेकीच्या हातावर ठेवली. एक पान उलटं. तुळतुळीत. भावजींनी वही मिटली, त्यांना पुढचं लिहवेना.

सगळं खरं हो. फक्त आपणहून दिली, हे माझ्या पदरचं. तिची मूठ सुटतच नव्हती. लेकीला एकेक बोट उघडावं लागलं.