एकसष्ट मीटर साठ

तो पाठमोरा आला आणि सरळ माझ्या पुस्तकांवर आदळला.

आदल्या दुपारी अवेळी एक सर येऊन गेली होती, आणि वरच्या खोलीच्या छपराने आपलं नेहमीचं काम चोख बजावलं होतं. बाबांच्या कपाटातले दोन खण भिजले. सकाळी ऊन पडल्याबरोबर मी दारासमोर टेबल मांडलं, पुस्तकं उघडून उभी केली आणि चिकटलेली पानं एकेक करून सोडवत बसले. तेवढ्यात हा माणूस बुरुजाच्या बाजूने उलटा चालत आला. हातात मोजायच्या टेपचं भलंमोठं रीळ, नजर त्या टेपवर... आणि पाठ माझ्या टेबलावर. तीन पुस्तकं खाली पडली, त्यांच्या शेजारी तो.

"पुढे बघून चालता येत नाही का?"

"येतं," तो जमिनीवरूनच म्हणाला. "पण टेप सरळ राहतेय ना, ते बघत मागे यावं लागतं. आजवर वाटेत कुणी ग्रंथालय मांडलं नव्हतं."

उठताना त्याने आधी पुस्तक उचललं, मग स्वतःला. बाहीच्या टोकाने मुखपृष्ठावरची माती टिपली. पुसली नाही, टिपली. ओला कागद कसा हाताळायचा ते त्याला ठाऊक होतं. माझा राग तिथेच जरा ढिला पडला. मी तसं दाखवलं मात्र नाही.

"पुरातत्त्व खात्यातून आलोय," तो म्हणाला. "छपराच्या दुरुस्तीचा अर्ज आहे ना इथला? दोन वर्षांपूर्वीचा."

"बाबांचा."

"आहेत का घरात?"

"नाहीत." तो दाराकडे बघत राहिला, म्हणून पुढे सांगावं लागलं, "सहा महिने झाले."

वाईट झालं, काळजी घ्या, असलं काही तो बोलला नाही. हातातलं रीळ त्याने टेबलाच्या कडेला ठेवलं, पण इतकं अलगद, की जणू घरात कुणी झोपलेलं असावं.

आमच्या घरासमोरचा दगडी बुरूज सहाशे वर्षांचा आहे. सरकारने तो संरक्षित ठरवलाय. त्याच्या हद्दीच्या दगडापासून शंभर मीटरच्या आत नवं काही बांधायचं नाही, आणि जुनं दुरुस्त करायचं तर खात्याची परवानगी घ्यायची. बाबा त्या बुरुजाचे रखवालदार. एकतीस वर्षं त्यांनी एका स्टुलावर काढली. आजूबाजूच्यांनी एकेका सुट्टीच्या दिवशी गुपचूप पत्रे चढवून घेतले. बाबांनी अर्ज केला आणि गळतीखाली बादली ठेवली. "मीच नियम मोडला तर भिंतीवर नावं कोरणाऱ्या पोरांना कुठल्या तोंडाने हुसकू?" असं म्हणायचे. आता बाबा नव्हते. बादली होती. पावसाळा दीड-दोन महिन्यांवर आला होता आणि कपाटाचे उरलेले तीन खण अजून कोरडे होते.

"टाक की एक पत्रा. कोण बघतंय?" आत्या रोज म्हणायची. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, आमच्या घरातलं सर्वोच्च न्यायालय. पण बाबांच्या सहीचा अर्ज खात्यात पडून असताना त्यांच्याच खोलीवर चोरून पत्रा टाकणं... ते माझ्याने होणार नव्हतं.

"एकसष्ट मीटर साठ," वहीत लिहून तो निघून गेला.

चार दिवसांनी पुन्हा आला. म्हणे, फोटो राहिले होते. फोटो काढून झाल्यावर म्हणाला, आलोच आहे तर एकदा मोजूनही घेतो. मी त्याला चहा दिला. तो एका हातात कप आणि एका हातात टेप धरून आमच्या उंबऱ्याशी उभा राहिला.

"एकसष्ट पंच्याऐंशी," तो म्हणाला.

"परवा साठ होते."

"हो का?"

"मी छापखान्यासाठी मुद्रितं तपासते. आकडे माझ्या लक्षात राहतात. पंचवीस सेंटिमीटर कोण सरकलं, घर की बुरूज?"

तो हसला. हसताना त्याचे कान लाल होतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "चौकशी करावी लागेल," तो म्हणाला. "बुरूज तसा शब्दाचा पक्का आहे."

"म्हणजे आमचं घर उनाड?"

"घराबद्दल मी काही बोललोच नाही."

आतून आत्याचा आवाज आला, "अहो टेपवाले, मोजणं झालं असेल तर कप आत आणून द्या!"

कप देऊन तो परत आला आणि खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. तो माझ्यापुढे धरताना त्याचा आवाज बदलला. "तुमच्या बाबांच्या रोजच्या नोंदी आमच्याकडे आहेत. गेले दोन दिवस वाचत होतो. एकतीस वर्षं, रोज एकच वाक्य, 'बुरूज ठीक आहे.' खात्यातले सगळ्यात कंटाळवाणे अहवाल. आणि सगळ्यात खरे. फक्त एका दिवशी त्यांनी जास्तीचं लिहिलंय. म्हटलं... तुमच्याकडे असावं."

झेरॉक्स होती. बाबांचं ते सरळ, जरा मागे झुकणारं अक्षर. वर माझ्या जन्माची तारीख.

बुरूज ठीक आहे. आज मला मुलगी झाली. तीही ठीक आहे.

मी कागद पुन्हा त्याच घडीवर दुमडला.  तो टेप गुंडाळत बसला. पंधरा मिनिटं गुंडाळत होता. एवढी लांब टेप नाही ती.

तिसऱ्यांदा आला तेव्हा कारण सांगायच्याही भानगडीत पडला नाही. मी फाटकाशी उभी होते. त्या दिवशी आकडा आला एकोणसाठ दहा. मी भुवई उंचावली. तो म्हणाला, "वारा आहे." पान हलत नव्हतं.

आणि मग तो यायचाच थांबला.

पहिला आठवडा मी हद्दीच्या दगडाकडे बघितलंच नाही, असं माझं म्हणणं. आत्याचं म्हणणं वेगळं होतं. दुसऱ्या आठवड्यात खात्याचं पत्र आलं. तिन्ही मोजमापांत तफावत असल्याने संबंधित अधिकाऱ्याकडून खुलासा मागवला आहे, तोवर प्रकरण प्रलंबित. त्याच दिवशी दुपारी ढग भरून आले.

"घ्या!" आत्या म्हणाली. "हसत हसत मोजलं आणि घोळ घालून बसला. मी सांगितलं होतं, पत्रा टाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खात्याच्या कार्यालयात गेले. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना फुटलेल्या मूर्ती, प्रत्येकीच्या गळ्यात नंबराची चिठ्ठी. बोळाच्या त्या टोकाला तो दिसला. त्यानेही मला पाहिलं. क्षणभर थबकला... आणि बाजूच्या खोलीत शिरून त्याने दार लावून घेतलं.

इतकं लागलं मला ते, की रागही आला नाही.

विभागप्रमुखांना सगळे थोरल्या बाई म्हणत. पांढरे केस, कानामागे खोचलेली पेन्सिल. मी अर्जाचा क्रमांक सांगताच मागच्या टेबलावरचं टाइपिंग थांबलं.

"ते प्रकरण आता त्याच्याकडे नाही," बाई म्हणाल्या.

"काढून घेतलंत?"

"त्यानेच सोडलं."

"सोडलं? का?" माझा आवाज चढला. "तीन-तीनदा येऊन मोजलं, चुकवलं, आणि आता सोडलं? त्या छपराखाली काय आहे ते ठाऊक आहे त्यांना!"

कुणीतरी खोकलं. बाईंनी कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा खोचली, आणि एक फाईल माझ्यापुढे सरकवली. "अर्जदाराला आपली फाईल बघायचा हक्क आहे. पान नऊ."

त्याचंच अक्षर.

'खुलासा सादर. पहिली मोजणी, ६१.६० मीटर, बरोबर आहे. दुसऱ्या मोजणीच्या वेळी टेप ढिली राहिली, कारण मी अर्जदारांशी बोलत होतो. तिसरी मोजणी घराच्या उंबऱ्यापर्यंत झालेली नसून अर्जदार उभ्या होत्या तिथपर्यंत झाली आहे. चूक सर्वस्वी माझी आहे. या प्रकरणात यापुढे मी तटस्थ राहू शकेन, असे मला वाटत नाही. सदर दुरुस्ती नियमात बसते. तिच्यावर पुढे कोणी बोट ठेवू नये, यासाठी प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावे. निकाल लागेपर्यंत मी अर्जदारांना भेटणार नाही. हे सोपे नाही.'

खाली बाईंचा शेरा होता, 'मान्य. शेवटचे वाक्य खुलाशात आवश्यक नव्हते. तरी राहू द्यावे.' त्याखाली वेगवेगळ्या शाईत पाच सह्या. प्रत्येकीसमोर एकच शब्द, 'पाहिले.'

मी पान नऊ दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा, मुद्रित तपासावं तसं, शब्दावर बोट ठेवून.

"काही चूक सापडली का?" बाईंनी विचारलं. मी काय काम करते तेही फाईलमध्ये होतं वाटतं.

"नाही," मी म्हटलं. माझेही कान तापले होते. "हे... किती जणांनी वाचलंय?"

"नियमाप्रमाणे पाच जणांनी. नियमाबाहेर कोण उरलंय, विचारून सांगते."

मागे टाइपिंग एकदम जोरात सुरू झालं.

"आणि हे किती दिवस ठेवता?"

"संरक्षित स्मारकाचं प्रकरण आहे. अ वर्ग. कायमस्वरूपी." बाईंनी फाईल मिटली. "पोरं भिंतीवर नावं कोरतात, ती आम्ही वर्षाकाठी घासून काढतो. हे मात्र बुरूज पडला तरी राहणार. घरी जा आता. येतील दुसरे साहेब."

दुसरे साहेब मिशीवाले होते. पाच मिनिटांत मोजलं, चहा नको म्हणाले, इकडेतिकडे बघितलं नाही. एकसष्ट मीटर साठ. अकराव्या दिवशी परवानगी आली. जुन्या पद्धतीची कौलं, जुनाच उतार, उंची एक बोटही वाढवायची नाही. बाबांनी अर्जात हेच मागितलं होतं, शब्दन् शब्द.

गवंडी छपरावर चढले त्या दिवशी मी वरच्या खोलीतली बादली उचलली. खाली जमिनीवर गंजाचं गोल वर्तुळ उमटलं होतं. ते पुसायला काही मी घेतलं नाही.

खाली आले तर आत्या फाटकातून येत होती. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात टेपचं टोक.

"धर," ती म्हणाली. "तुझ्या टेपवाल्याने दिलंय. म्हणाला, उंबऱ्याशी धरायला सांगा. मला काय दुसरी कामं नाहीत?"

टेप तिच्या हातातून निघून फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडे, थेट हद्दीच्या दगडापर्यंत गेली होती. तिथे तो उभा होता, रीळ छातीशी धरून.

मी टोक उंबऱ्यावर टेकवलं.

"एकसष्ट साठ!" तो ओरडला. आणि रीळ गुंडाळत चालू लागला. "पन्नास!... चव्वेचाळीस!" छपरावरचे गवंडी काम थांबवून बघू लागले. रस्त्यावर एक सायकलवाला त्याच्यासाठी थांबला. "तीस!... एकवीस!" आज तो पुढे बघून चालत होता. बघतच चालत होता. फाटकाशी आला तेव्हा आवाज खाली आला, "दोन पन्नास..." टेप आमच्या दोघांमध्ये हातभर उरली, मग वीतभर. रीळ माझ्या बोटांना लागलं.

"शून्य," तो म्हणाला. नुसता श्वासच तो.

"मोजणी बरोबर आहे?"

"पाच सह्या घेऊन येऊ?" त्याचे कान लाल झाले होते. "निकाल लागला. आता भेटायला काही हरकत नाही ना?"

"दाखला हवाय? लेखी की तोंडी?"

"तुम्ही द्याल तो."

आतून आत्या म्हणाली, "अगं, माणसाला आत तरी घे! गवंड्यांची मजुरी चालू आहे आणि ते बसलेत तमाशा बघत!"

आम्ही दोघंही हसलो, पण टेपचं टोक मी सोडलं नाही, आणि त्याने रीळ.

"बुरुजाचा नवा रखवालदार आज रजेवर आहे," तो हळूच म्हणाला. "वही माझ्याकडे आहे. आजची नोंद अजून व्हायचीय. काय लिहू सांगा..."

मी त्याच्या खांद्यावरून बुरुजाकडे बघितलं. पायथ्याशी बाबांचं स्टूल होतं.

"लिही," मी म्हटलं. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. "बुरूज ठीक आहे."

"आणि?"

"आणि... मुलगीही."