नंदीचा खडक

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या वसाहतीत सगळ्यात गार खोली संगणक-कक्षाची. वैजयंती तिथे शाल पांघरूनच बसे. बाहेर ना झाड, ना आभाळाला रंग. म्हणून वसाहतीतली माणसं काम संपलं की दृक्-चष्मे लावून ठोकळभुवन नावाच्या आभासी जगात फिरायला जात. ठोकळ्यांचे डोंगर, ठोकळ्यांच्या नद्या. आज्ञा दिली की आख्खा डोंगर हलवणारी ‘विश्वसंपादक’ ही जोडप्रणाली वैजयंतीच्या देखभालीत होती, आणि आज तिची नवी आवृत्ती बसवायची होती.

साठवण विभागाचे शेळके सर शेजारी येऊन बसले. तिने साठवणीची जागा वाचणार हे त्यांना कळलं होतं. कशी, ते हवं होतं.

“हे सगळं जग एका बीजसंख्येतून उगवतं, सर,” ती म्हणाली. “त्यामुळे ते साठवावं लागत नाही, हवं तेव्हा पुन्हा उगवता येतं. साठवायचा तो फक्त फरक. माणसाने ठेवला किंवा काढला, तेवढाच ठोकळा.”

“आणि नवी आवृत्ती?”

“ती या जगाचा प्रत्येक तुकडा जुन्या बीजाशी ताडून बघेल. फरक दिसला तर तुकडा जसाच्या तसा ठेवेल. शून्य असला तर तिथे माणसाचा हात लागला नाही असं धरून तो पुसेल आणि नव्या बीजातून उगवेल.”

सरांनी विचारलं, “मग तुमचा नदीकाठ?”

वैजयंती हसली. तिचं रोजच्या पार्थिव पूजेचं व्रत इथे सगळ्यांना ठाऊक होतं. चंद्रावर नदीची माती कुठली आणि विसर्जनाला पाणी कोण देणार? म्हणून ती ठोकळभुवनातल्या एका वळणावर जाई, काठची माती काढून पिंडी करी, पूजा झाली की माती होती तिथे परत ठेवी. त्या वळणाचा पत्ता दिगंबररावांनी, तिच्या यजमानांनी, सांगितला होता. ते हवाशुद्धी विभागात, तिच्या वर्षभर आधी इथे आलेले. कुणीसं म्हणत होतं, तिकडे उत्तरेला बरी जागा आहे, बघून ये, एवढंच ते बोलले होते. आणि काठ पाहून तिला गहिवरून आलं होतं, कारण तो हुबेहूब तिच्या कृष्णाकाठच्या माहेरासारखा होता. बसक्या नंदीसारखा काळा खडकसुद्धा. फक्त तिकडे नदीकडे तोंड केलं की तो उजव्या हाताला असे, इथे डाव्या.

“तिथे फरक शून्यच असणार,” ती म्हणाली. “घेतलेलं सगळं मी रोज परत ठेवते.”

“अहो, मग एक ठोकळा विसरल्यासारखा ठेवून या ना. देव काही मोजायला बसत नाही.”

“विसर्जनानंतर मागे ठेवलं तर ते विसर्जन कसलं, सर?” ती हळूच म्हणाली. अपवाद करायचा नाही हा नियमही तिचाच. कुणाचा आवडता डोंगर, कुणाचं पठार, सगळ्यांना तिनेच नाही म्हटलं होतं. तिने हात जोडले आणि आज्ञा दिली.

सकाळी स्नान करून ती चष्मा लावून गेली, तेव्हा नव्या काठाला नमस्कार करायची तयारी मनाशी केली होती. पैलतीर खरोखर नवा होता, हिरवागार. पण तिचा काठ जागच्या जागी होता. नंदीही.

आधी तिला वाटलं, प्रणाली चुकली. तिने फरक मागवला. हजारो ठोकळे. मातीचा थर, उतार, खडक, सगळं कुणीतरी हाताने रचलेलं, ती इथे येण्याच्या आधी. जुन्या बीजात त्या जागी नुसता कातळ होता.

ती बराच वेळ डावीकडच्या खडकाकडे बघत राहिली. मग चष्मा काढून स्वयंपाकघरात गेली. दिगंबरराव चहा गाळत होते.

“अहो, नंदी डावीकडे कसा हो?”

त्यांनी गाळणी खाली ठेवली. “डावीकडेच होता की. वऱ्हाड पैलतीरावर उतरलं होतं आपलं. दोन दिवस तुमच्या काठाकडेच तर बघत होतो मी.”

“आणि इतके दिवस बोलला नाहीत?”

“तू पूजा करून काही मागे ठेवत नाहीस, मग मी तरी माझं नाव मागे कशाला सोडू?” कप तिच्यापुढे सरकवत ते म्हणाले. “आता चुकलंच असेल तर तुझ्या त्या संपादकाने फिरव काठ. एका आज्ञेचं तर काम.”

तिने आज्ञा लिहिलीही. मग पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी वैजयंती नदी ओलांडून नव्या तीरावर गेली आणि तिथली माती घेऊन पाण्याकडे तोंड करून बसली. समोर यजमानांनी रचलेला काठ होता आणि नंदी उजव्या हाताला.