माणूस उचलतो ते बटण

त्या काळी फोन कुणी स्वतः लावत नसे. घरोघरी दूरहस्त असायचा. दूरहस्त म्हणजे आकड्यांचे आवाज आणि आवाजांचे आकडे करणारा, डब्याएवढा मोडेम. तोच नंबर लावी, ‘यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा’ या जंजाळातून वाट काढी आणि टोकन मिळवून देई. बालरुग्णालयाचं फाटकसुद्धा टोकनाशिवाय उघडत नसे.

आज मात्र शाल्मलीच्या ओट्यावरचा दूरहस्त नुसता टिणटिणत होता. तिच्या मांडीवर दहा महिन्यांची मिहिका. प्रत्येक श्वासासरशी लेकीच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या, आणि शाल्मली त्यांच्यावरून नजर हटवत नव्हती.

“भावोजी, तुम्हीच बसवलात ना हा? मग बघा की काय झालंय त्याला.”

तिचा धाकटा दीर निनाद दूरध्वनी-यंत्रणेवर संशोधन करायचा. “त्याला काही झालेलं नाही, वहिनी. त्याने ‘श्वास लागतो’ दाबलंय. पलीकडचं यंत्र मानत नाही.”

“मानत नाही? यंत्र आहे का सासू?”

निनाद हसला नाही. “दूरहस्त अनुभवातून शिकतो. साध्या लशीसाठीही ‘श्वास लागतो’ दाबलं की टोकन लवकर मिळतं, हे त्याला उमगलं. सगळ्याच घरांतल्या दूरहस्तांना उमगलं. मग रुग्णालयाचं यंत्रही शिकलं. आता ‘श्वास लागतो’ म्हणजे लस, असंच ते धरून चालतं.”

“मग ‘बेशुद्ध’ दाबा.”

“दाबलं. त्याचा अर्थ आता सर्दी.” तो घुटमळला. “एकच बटण उरलंय. तिथे अजून माणूस उचलतो. पण आईच्या अंगठ्याचा ठसा लागतो.”

“द्या इकडे. विचारता काय?”

“मृत्यूची नोंद आहे ती, वहिनी.”

पुढे केलेला हात शाल्मलीने झटकन मागे घेतला. विज्ञानाची पदवी होती तिच्याकडे. तरी कुंकू संपलं की ती ‘वाढलं’ म्हणायची, आणि घरातून निघताना ‘जाते’ कधी म्हणायची नाही, ‘येते’ म्हणायची. वास्तू तथास्तु म्हणते, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. अन् आता स्वतःच्या अंगठ्याने हे असलं अभद्र?

मिहिकाच्या ओठांवर निळसर झाक आली. शाल्मलीने डोळे मिटले आणि अंगठा टेकवला.

लगेच कुणीतरी खाकरलं. दमलेल्या, खऱ्याखुऱ्या बाईचा आवाज. “बोला. कधी गेलं बाळ?”

“गेलं नाही हो ताई. जिवंत आहे. श्वास घेता येत नाहीये तिला. मला टोकन द्या, गाडी पाठवा, काहीही करा, पाया पडते.”

पलीकडे मागे फोन खणखणत होते, एकावर एक. “सकाळपासून प्रत्येक आई हेच सांगतेय, बाई,” ती समजुतीच्या सुरात म्हणाली. “फाटकाशी गाड्यांची रांग लागलीय. कुणाचं खरं धरू मी?”

शाल्मलीने फोन मिहिकाच्या तोंडाजवळ नेला. ती घरघर, मधली ती तुटलेली जागा, मग पुन्हा घरघर. पलीकडची बाई शेवटपर्यंत ऐकत राहिली. तिने एक सुस्कारा सोडला.

“हा आवाजसुद्धा काढतात हल्ली दूरहस्त,” ती म्हणाली.