पाच मिनिटं हात लावू नकोस

दुकानदाराने सिरीयल केबल काउंटरवर ठेवली आणि दोन हात एकदमच तिच्यावर पडले. एक माझा, एक शेजारच्या उंच माणसाचा.

"एकच उरलीय," दुकानदार म्हणाला. "हल्ली कोण विचारतं हिला…"

"माझं काम अडलंय," मी त्या माणसाला म्हटलं. "रक्तपेढीचा सर्व्हर आहे. सारखा थिजतो."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे आमच्या सर्व्हर हॉलला चार मेल पाठवणाऱ्या बाई तुम्हीच? ही तुमच्याच मशीनला लावायला नेतोय मी."

"मग उत्तर का नाही दिलंत?"

"म्हटलं, केबल लावूनच देऊ."

माझा हात अजून तिथेच होता – केबलवर नव्हे, त्याच्या बोटांवर. काढून घेतला, पण कान तापले ते तापलेच.

रक्तपेढीचा तो प्रोग्राम मी चार वर्षं खपून लिहिला होता. मशीन थिजलं की पडदा काळा, नेटवर्क बंद. मग कुणीतरी ते बंद करून चालू करायचं आणि कारण पुसलं जायचं. मशीन विकणारे म्हणत, दोष प्रोग्राममध्ये आहे. आमचे साहेबही आता नवा प्रोग्राम घेण्याचं बोलू लागले होते. बाकी सगळं गप्प झालं तरी मशीनचं बोलणं या केबलवरून बाहेर येतं, आणि हॉलमधल्या वेगळ्या लाइनवरून ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या टेबलावर दिसणार होतं.

केबल लागली. रोज सकाळी मी फोन करू लागले.

"तब्येत कशी आहे?"

"माझी?"

"मशीनची."

"मशीन ठणठणीत आहे. आमची विचारपूस कोण करतंय…"

दहाव्या दिवशी सकाळी अकराला मशीन थिजलं. साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. तेवढ्यात त्याचा फोन.

"आमचे मॅनेजर शेजारी आहेत. बटण दाब म्हणतायत."

"हात लावू नकोस. पाच मिनिटं दे मला."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, मला कळलंही नाही.

"दिली," तो म्हणाला.

रक्तपेढीतल्या सिस्टरना फोन लावला. "आम्ही वहीवर लिहितोय ताई," त्या म्हणाल्या, "तुम्ही बघा."

मी केबलवरून खुणेचा सिग्नल पाठवला आणि कोणतं काम कशासाठी अडलंय ते विचारलं. आधी काहीच नाही… मग ओळी येऊ लागल्या. माझा प्रोग्राम डिस्कची वाट बघत होता. बाकीचेही तिचीच. आणि त्याआधीच्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं – डिस्क ज्या कार्डावर चालते, ते कार्ड उत्तर देत नाही. तीनदा जागं करून पाहिलं, उठलं नाही.

मी सगळं जपून ठेवलं. "प्रोग्राम नाही, कार्ड," मी त्याला फोनवर म्हटलं. "आता दाब."

कार्ड बदललं. महिनाभर मशीन एकदाही थिजलं नाही. विकणाऱ्यांचं चूक कबूल करणारं पत्र आलं, ते साहेबांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. आईच्याही आधी मी त्याला फोन केला. संध्याकाळी तो ऑफिसबाहेर उभा होता.

चालता चालता बोलण्याच्या ओघात तो सांगून गेला – त्या दिवशी पाच मिनिटं थांबायला मॅनेजरने त्याच्याकडून लिहून घेतलं होतं. काही बिघडलं तर नोकरी त्याचीच जाणार.

मी थांबले. "आणि तू सही केलीस?"

"केली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझं लक्ष उडालं असतं."

"एवढा भरवसा… कशावर?"

"तुझे मेल वाचले होते. आपलं काम इतकं ओळखणारं माणूस उगाच वेळ मागत नाही." तो जरा घुटमळला. "आणि… तू पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाली होतीस."

मी म्हटलं, "घरी चल. जेवूनच जा."

दार बाबांनी उघडलं. माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "कोण हे?"

इतक्या ताठ मानेनं मी आजवर कशाचंच उत्तर दिलं नव्हतं.

"बाबा, मी याच्याशी लग्न करणार आहे."

ही बातमी त्यालाही तेव्हाच कळत होती.